बिरूमामाचा कान

व्यक्तिचित्र म्हटलं की तुम्ही मायेनं डोक्यावरून हात फिरवणारा कुणी थोर माणूस धरून बसला असाल. मग उठा. आमच्या बिरूमामानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला तो एकदाच, अन् तोही ग्रीस पुसायला.

मामा सख्खा नव्हता, आईच्या गावचा. दौलताबादकडं मेंढरं राखायचा. दुष्काळात चारा संपला, मेंढरं विकली, अन् शहरात, उस्मानपुऱ्यात आमच्या शेजारी खोली घेऊन पाण्याचा टँकर चालवायला लागला. कुणाचीबी गाडी कुरकुरली की डोळे मिटून इंजिनाजवळ कान न्यायचा. तवर गल्लीनं गप्प बसायचं. म्हणायचा, "मेंढरू खोकलं तरी कळतंय कुठं दुखतंय. ही तर केवढ्यानं खोकती!"

मला तेव्हा मोबाइलवर गाड्या दुरुस्त करायच्या गेमचं याड लागलेलं. मामानं एकदा फोन घेतला अन् कानाला लावला.

"आवाज कुठाय रे हिचा?"

"आवाज नसतो मामा. खराब पार्ट लाल दिसतो, तो बदलायचा."

"लई गुणी गाडी! दुखणं सोताच दाखवती." पण बघत बसला. "एक मातर बरंय. काढलेला नट जिथल्या तिथं लावल्याबिगर फुडं जाऊ देत नाय. तेवढं हिच्याकडून शीक. बाकीचं माझ्याकडं ये."

त्याच उन्हाळ्यात टँकर गल्लीच्या तोंडाशीच बंद पडला. पाइप हौदापर्यंत पुरेना, बाया हंडे घेऊन खोळंबल्या. मी हुशारी केली, "बॅटरी बदला! स्टार्टर बदला!"

"तुझ्या फोनातलं दुकान फुकटंय, बाबा," मामा म्हणाला. "मी भोंगा वाजवत होतो, काय ऐकू आलं नाय. बंद पडताना कशी बोलली ती? काढ आवाज."

मास्तरांच्या नकला करून मार खाल्लेलं माझं तोंड पहिल्यांदाच कामाला आलं. "धडधडधड... धड... धड... फुस्स!"

मामानं डोळे मिटले. "परत." मी परत काढला. "डिझेलच्या नळीत हवा धरलीय."

हवा काढली, टँकर गुरगुरला, हंडे पळाले. अन् मामानं दोन्ही हात माझ्या डोक्याला पुसले. केस धुवायला पाणी कोण देतंय? पाऊस पडेपर्यंत ते ग्रीस मिरवलं मी.

मग आमचा हाच गेम झाला. मी तोंडानं गाडी बिघडवायची, मामानं दुरुस्त करायची. मोबाइल पडून राहायचा.

पाऊस चांगला झाला. सगळं शहर खूश. मामानं नवी मेंढरं घेतली अन् गावाकडं गेला. एवढ्या चांगल्या पावसावर रुसलेला गल्लीत मी एकटाच. आता त्याच्या खोलीच्या जागी मोठी बिल्डिंग झालीय, खाली बॅटरीवाल्या गाड्यांचं दुकान. त्या गाड्या आवाजच करत नाहीत.

परवा राहवलं नाही. फोन लावला. "मामा, माझी स्कूटर बघा काय करती. टुकटुक... घर्रर्र..."

पलीकडं मेंढरं बें बें करत होती. "परत काढ."

काढला.

"परत."

काढला, पण मधेच अडकला.

मग मामा जो ओरडला! "गाडीला काय बी झालं नाय, बेण्या! तुझाच गळा भरून आलाय. आठवण आली तर सरळ आठवण आली म्हण की! चांगल्या गाडीला कशाला आजारी पाडतो?"