मांडणी चावते

आमच्या मुलुंडच्या घरात हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि ती अर्ध्या विटेची, जेमतेम चार-साडेचार इंचांची होती. भिंतींमधलं ज्याला थोडंफार कळतं त्याच्या अंगावर पुढचं ऐकायच्या आतच काटा येईल. आमच्या घरात ते कुणालाच कळत नव्हतं. बाबांना कळतं असं आम्ही धरून चाललो होतो, कारण बाबाही तसंच धरून चालले होते.

हॉलच्या बाजूने त्या भिंतीला टीव्हीचं शोकेस होतं. पलीकडे स्वयंपाकघरात, बरोबर त्याच्या पाठीला, आईची स्टीलची मांडणी. वर डबे, मध्ये ताटं उभी लावायच्या दांड्या, खाली कपांचे हूक. भिंतीत लाकडी गट्ट्या ठोकून, त्यांत बोटभर लांब स्क्रू पिळून ती टांगली होती. तिच्याकडे बघितलं की आईचा मूड कळायचा. ताटं उंचीप्रमाणे लागलेली असली की सगळं ठीक.

बाबा कारखान्यात सुपरवायझर होते. त्यांच्या साहेबांनी पवईला नवं घर घेतलं आणि वास्तुशांतीला बोलावलं. तिथून बाबा परत आले ते भारावूनच. "एक वायर दिसत नाही गं!" ते आईला सांगत होते. "दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर, मध्ये कलर टीव्ही, आणि भिंत बघावी तर कोरी करकरीत. आवाज येतो कुठून तेच कळत नाही." मग त्यांनी आमच्या भिंतीकडे पाहिलं आणि त्यांचं तोंड कडू झालं.

आमच्या भिंतीवर सगळा उघडा संसार होता. खिडकीतून आत आलेली अँटेनाची चपटी वायर, टीव्हीची, टेपरेकॉर्डरची, स्पीकरच्या दोन, सगळ्या कॅलेंडरच्या खिळ्याला वळसा घालून खाली उतरलेल्या. दिसायला गचाळ होतं, नाही असं नाही. पण कुठली वायर कुठून निघते आणि कुठे जाते हे शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं. आई दर शनिवारी फडक्याने त्या पुसायची, आणि एखादी कुठे सोलवटली असेल तर तिला ते आधी दिसायचं.

दिवाळीच्या रंगकामाआधी बाबांनी एक वायरमन आणला. त्याने भिंतीवर टिचकी मारून पाहिली. "पाइप नाय बसणार साहेब, भिंत पातळ आहे. तशीच दाबतो ना, वरून प्लॅस्टर. कोण बघतंय?" बाबांना तेच हवं होतं. कुणी बघू नये म्हणूनच तर सगळा खटाटोप होता. छिन्नीने भिंतीत खाच पाडली गेली, दिवसभर घरात विटेची लाल धूळ उडाली. स्पीकरच्या वायरींबरोबर टीव्हीला करंट देणारी वायरही त्याच खाचेत, पाइपाशिवायच, गाडली गेली. तिचं बटण बाहेरच्या दारापाशी, पंख्याच्या बटणाशेजारी बसलं. त्यावर प्लॅस्टर, त्यावर पिस्ता रंगाचा ऑइल पेंट. महिनाभर बाबा आल्यागेल्याला विचारत होते, "सांगा बघू, वायर कुठेय?" लोक भिंतीकडे बघून माना हलवायचे आणि बाबा खूश व्हायचे. कसली एवढी खुशी, असं मला तेव्हाही वाटायचं, पण घरात सणाचं वातावरण होतं आणि मलाही त्या कोऱ्या भिंतीचं कौतुक होतंच.

थोड्याच दिवसांनी एका रविवारी टीव्हीवर सिनेमा चालू असताना आई आतून आली आणि म्हणाली, "मांडणी चावली मला."

आम्ही दोघंही हसलो. बाबा म्हणाले, हाताला मुंग्या आल्या असतील. मी म्हणाले, आई, तू दिवसभर उभी असतेस ना, त्याने होतं. पण आई म्हणजे गोष्ट सोडून देणारी बाई नव्हे. तिने स्वतःच लक्ष ठेवून शोधून काढलं, की मांडणी एरवी गप्प असते आणि टीव्ही लावला की चावते. तिने हे बाबांना जेवताना सरळ सांगितलं.

बाबांनी दुसऱ्या दिवशी दुपारी टेस्टर आणला आणि मांडणीच्या दांडीला लावला. टेस्टरचा दिवा लागला नाही. "बघ. कुठाय करंट?"

"अहो, पण आता टीव्ही कुठे चालू आहे? बटण दाबून बघा ना."

"दुपारी काय लागतंय टीव्हीवर? आणि वायर भिंतीच्या आत, मांडणी भिंतीच्या बाहेर. मध्ये प्लॅस्टर आहे. प्लॅस्टरमधून करंट येतो होय?" टेस्टर त्यांनी शर्टाच्या खिशाला लावला, आणि तो विषय त्यांच्या लेखी मिटला. आजही त्या दुपारची आठवण आली की मला बाबांचा राग येतो. एक बटण दाबायचं होतं. दारापर्यंत जायचं आणि यायचं, बस.

पावसाळ्यात त्या भिंतीला ओल धरली. पिस्ता रंगावर फोड आले, आणि ते कुठेही आले नाहीत, वायर जिथून गेली होती त्याच रेघेत आले. बाबांनी ते खरवडून पुट्टी भरली. मग फ्यूज उडायला लागला. दोन-तीनदा उडाल्यावर बाबांनी फ्यूजमध्ये जाड तार घातली. "आता बघतो कसा उडतो," ते म्हणाले, आणि खरंच तो परत उडाला नाही. एक दिवस आईला मांडणीच्या मागे पाल सापडली, स्क्रूला चिकटून वाळून गेलेली. तिने ती कागदावर घेऊन बाबांना दाखवली. "पालीच त्या, मरायच्याच," बाबा म्हणाले. त्यानंतर आईने बाबांना काही सांगणंच सोडलं.

तिने दोन गोष्टी मात्र सुरू केल्या, आणि दोन्हींचा मी चुकीचा अर्थ लावला.

पहिली म्हणजे पाट. घरात एक चांगला सागवानी पाट होता, पूजेला आणि पाहुण्याला बसायला काढायचा. आईने तो मांडणीखाली आणून ठेवला आणि ताटं काढताना त्यावर उभी राहायला लागली. रबरी चपला घालता आल्या असत्या, पण देव स्वयंपाकघरातच होते आणि तिथे चप्पल घालून वावरणं आमच्याकडे चालण्यातलं नव्हतं. बाबा एकदा चिडले, "पूजेचा पाट पायाखाली घेतेस?" आई म्हणाली, "फरशी गार लागते हो, गुडघे धरतात." मीही तेच खरं मानलं आणि तिला गुडघ्यांना चोळायला तेल आणून दिलं. तिने ते मुकाट्याने घेतलं.

दुसरी गोष्ट माझ्याबद्दलची. धुतलेली भांडी मांडणीवर लावणं लहानपणापासून माझं काम होतं. माझं लग्न ठरलं त्या सुमारास आईने ते माझ्याकडून काढूनच घेतलं. मी ताट उचललं की ती ते हातातून ओढून घ्यायची. "राहू दे, मी लावते. तू बाहेर जा." बोरिवलीची आत्या आली की तिला हे बघवायचं नाही. "लाडावून ठेवलीस पोरीला. सासरी काय दिवे लावणार आहे?" आई म्हणायची, "थोडे दिवस राहिलेत, बसू दे." मला बरं वाटायचं. आईला माझं जाणं जड जातंय, म्हणून हे कौतुक चाललंय, असं मी मैत्रिणींनाही सांगितलं होतं.

वैशाखात माझं घरचं केळवण झालं. लग्नाआधी माहेरच्या माणसांनी मुलीला जेवू घालायचं, पाटावर बसवून, पानाभोवती रांगोळी काढून. सगळे नातेवाईक येणार होते. साखरपुड्याचं व्हिडिओ शूटिंग झालं होतं आणि त्याची कॅसेट आली होती. बाबांनी भाड्याने व्हीसीआर आणला. दोन स्पीकरवर, वायर न दिसता, सगळ्यांना साखरपुडा दाखवायचा त्यांचा बेत होता.

"आज टीव्ही नको लावू या ना," आई सकाळी म्हणाली.

"म्हणजे? लोक त्याच्यासाठीच येणार आहेत."

पाहुणे यायच्या आधी, टीव्हीचं बटण दाबलं जायच्या आधी, आईने मांडणीवरची बहुतेक भांडी उतरवली आणि ओट्यावर रचून ठेवली. मग मांडणीखालचा पाट उचलला, धुतला, कोरडा पुसला आणि हॉलमध्ये आणून माझ्यासाठी मांडला. क्षणभर ती पाटाकडे आणि मग स्वयंपाकघराकडे बघत राहिली. मला वाटलं, तिचे डोळे भरून येणार आता. मी तिला म्हटलंसुद्धा, "आई, रडू नकोस हं." ती म्हणाली, "रडतंय कोण!"

साखरपुडा सुरू झाला. दोन कोपऱ्यांतून सनई वाजत होती आणि आत्या पडद्यावर स्वतःला शोधत होती. मी पाटावर बसले होते, मला ओवाळून झालं होतं, पहिला घास झाला होता. आई माझ्या पानात श्रीखंड वाढत होती. तेवढ्यात दारात आणखी चार माणसं आली. "या या," म्हणत बाबा उठले आणि "ताटं कमी पडतील" म्हणून नुकतेच धुतलेले, ओले हात तसेच घेऊन आत गेले. मांडणीच्या मधल्या दांड्यांत थोडी ताटं राहिली होती. सकाळपासूनच्या धुण्याभांड्यांनी खालची फरशी ओली होती.

किंकाळी वगैरे काही आली नाही. फक्त आतून भांड्यांचा खुळखुळाट येऊ लागला, बारीक, न थांबणारा. सनईच्या आवाजात कुणाला तो ऐकूही गेला नसेल. मला तो ऐकू आला पण कळला नाही. आईला कळला. तिच्या हातातलं श्रीखंडाचं भांडं खाली पडलं.

"बटण!" ती ओरडली. "बटण बंद करा!"

दारापाशी आत्या होती. तिने घाबरून पंख्याचं बटण बंद केलं. तिची काय चूक? स्वयंपाकघरात काहीतरी झालंय आणि त्याचं बटण टीव्हीचं आहे, हे त्या कोऱ्या भिंतीकडे बघून कुणाला कळणार होतं? वायर बाहेर असती तर एखाद्याने हिसडून तरी काढली असती.

आई तिथे थांबलीच नाही. ती माझ्याकडे वळली. आई एरवी आमच्याशी शहरातलं मराठी बोलायची, पण घाबरली की तिच्या तोंडून गावचं यायचं.

"ऊठ गो! ऊठ!"

केळवणाच्या मुलीला भरल्या पानावरून उठवत नाहीत. आईने एरवी जीव गेला तरी उठवलं नसतं. आत्या म्हणालीही, "अगं, हे काय!" आईने मला खांद्याला धरून बाजूला लोटलं, पान उलटलं, रांगोळी फिसकटली, आणि पाट घेऊन ती आत धावली. मी तिच्या मागे. बाबांचा उजवा हात मांडणीच्या दांडीला आवळला होता, मान मागे गेली होती, डोळे उघडे होते पण ते कुणाकडे बघत नव्हते. मी हात पुढे केला. आईने कोपराने मला इतक्या जोरात ढकललं की मी दारावर आपटले. मग तिने पाट दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या कडेने बाबांच्या मनगटावर घातला. एकदा, आणि परत एकदा. हाड मोडल्याचा आवाज मला आला. बाबा फरशीवर कोसळले, त्यांच्या अंगावर दोन ताटं पडली, आणि बाहेर सनई चालूच होती.

बाबा वाचले. माझ्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत त्यांचा हात गळ्यात अडकवलेला आहे. त्याच आठवड्यात तो वायरमन परत आला. त्याने खाच फोडली तेव्हा मांडणीचा एक स्क्रू पलीकडून येऊन वायरीत घुसलेला दिसला. त्याने वायरी काढल्या आणि भिंतीवरून, सगळ्यांना दिसतील अशा, क्लिपा मारून नेल्या. त्या पुढे कायम तशाच राहिल्या. बाबा पाहुण्यांना सांगायचे, "वायर डोळ्यासमोर असलेली बरी." कुणामुळे कळलं, हे मात्र ते सांगायचे नाहीत, आणि आईने कधी सांगितलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्या दिवशी संध्याकाळचं. बाबांना डॉक्टरकडे नेऊन आणलं होतं, ते झोपले होते, पाहुणे गेले होते. टीव्हीची वायर प्लगमधून काढून ठेवली होती, बटणही बंद होतं. आई मोरीत भांडी धूत होती. तिच्याशेजारी बसून मी विचारलं, "एवढ्यात तुला सुचलं कसं गं? पाट, मनगट, सगळं?"

"सुचतंय कसलं," ती म्हणाली. "कधीपासून तेच चाललंय डोक्यात. रोज ताट काढताना वाटायचं, मी चिकटले तर सोडवणार कोण? ह्यांचा तर विश्वासच नव्हता. हे बाहेरून विचारत बसले असते, काय झालं म्हणून." तिने हातातली वाटी विसळली. "आणि तू असतीस तर धावत येऊन मला मिठीच मारली असतीस. म्हणून तर तुला तिकडे फिरकू देत नव्हते."

इतके महिने मी ज्याला लाड समजत होते ते हे होतं. आई रोज त्या पाटावर चढत होती, आणि चढताना स्वतःपेक्षा माझ्या धावत येण्याला भीत होती.

तिने धुतलेली ताटं माझ्या हातात दिली. "जा, लाव आता."

मी मांडणीपाशी गेले आणि उभी राहिले. सगळं बंद आहे हे मला माहीत होतं. तरी हात पुढे होईना. आई पदराला हात पुसत मागून आली. तिने आपला तळवा मांडणीच्या दांडीवर ठेवला आणि तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मग मी पहिलं ताट लावलं.