दहातला एक

कुंताबाईच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाणी शुद्ध करायचं एक बड्या कंपनीचं मशीन आहे. पुण्याच्या मुलानं, सुरेंद्रनं, बसवून दिलं. एवढ्या पैशात दुभती म्हैस आली असती, असं म्हणायला गाव मोकळंच होतं. शेजारच्या इतवारीनं मूल गावच्या बाजारातून तसंच दिसणारं मशीन चौथाई भावात आणलं आणि वर्षभर फुशारकी मारली. मग ते बंद पडलं. दुकानदार म्हणाला, घेऊन या, पाहू. आता त्यावर कोंबडी अंडी घालते.

गंमत अशी की कुंताबाई तरी मशीनचं पाणी कुठं पिते? तिला ते फिक्कं लागतं. ती माठातलंच पिते आणि फोनवर सुरेंद्रला 'मशीनचंच पितो रे' म्हणून सांगते. नवरा सोमाजी तलावात जाळं टाकायचा, तो गेला. मुलगी नागपूरला दिली. एकट्यापुरता भात शिजवणं फार वाईट काम. हाताला सवय चौघांची, मूठ चुकतेच. उरलेला भात खाऊन कोंबड्या तेवढ्या गुबगुबीत झाल्या.

पण बड्या कंपनीचा एक वायदा होता: दर तीन महिन्यांनी चंद्रपूरहून माणूस घरी येणार. आणि माणूस खरंच आला. हेमराज त्याचं नाव, गोंडपिपरीकडचा. बूट बाहेर काढून आत आला आणि आधी पाणी मागितलं. बाईनं सवयीनं माठातलं दिलं. त्यानं तांब्या रिकामा केला, मशीनकडे पाहिलं आणि हसला.

"बाई, मशीनचं नाई पित का तुमी?"

"तुह्या कंपनीले सांगू नको बापू."

"नाई सांगत. तुमच्याच माठाचं पेलो ना मी."

त्या दिवशी तो जेवून गेला. पुढच्या खेपेपासून 'बाई'ची 'माय' झाली. आदल्या दिवशी त्याचा फोन यायचा, "माय, उद्या येऊन राह्यलो," की कुंताबाई अंगण सारवायची, तलावावरून झिंगे आणायची. मशीनचं काम घटकाभराचं, गप्पा दुपारभर. सोमाजीला एकदा जाळ्यात केवढी मरळ लागली होती, हे त्यानं दर वेळी नव्यानं ऐकलं. पोटच्या पोरांनी ऐकलं नसतं. तो गेला की बाईला घर खायला उठायचं. मग ती पुढच्या खेपेची वाट पाहायला लागायची. महागाच्या वस्तूची किंमत वसूल होते का, हे तिला कुणी विचारलं असतं, तर तिनं हो म्हटलं असतं. फक्त पाण्याचा त्यात काही संबंध नव्हता.

प्रत्येक खेपेच्या दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मुलीचा फोन यायचा. "मॅडम, आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?"

कुंताबाई दर वेळी सांगायची, "नऊ."

आमच्याकडे धानाची ढोली, म्हणजे कणगी, कधी तळापर्यंत रिकामी करत नाहीत. कितीही गरज असो, मूठभर धान तळाशी ठेवायचं, म्हणजे लक्ष्मीला परत यायची वाट राहते. माणसालाही पुरतं देऊन टाकू नये. एक राखला की तो परत येईल, हा बाईचा हिशेब. नऊ म्हणताना तिचा ऊर भरून यायचा.

दिवाळीनंतरच्या खेपेला आदल्या दिवशी फोन आला नाही. सकाळी मोटारसायकल थांबली आणि दुसराच माणूस उतरला. अजय. पाणी नको, चहा नको. झटपट काम उरकून पेचकस पिशवीत टाकत म्हणाला, "बाई, फोन आला की दहा म्हणजा."

"हेमराज काऊन नाई आला?"

"त्याले एटापल्लीकडं टाकलं. तुमच्या इथून नऊच जात होते ना. आमच्यात नऊ म्हणजे नापास."

"मंग त्यानं मले काऊन नाई सांगितलं?"

"तुमच्या घरी जेवत होता म्हणते. जेवल्या घरी गुण कसे मांगन?"

तो गेला. भात तसाच झाकून राहिला. बाईनं हेमराजच्या नंबरावर फोन लावला. तिकडे जंगलात कुठं लागतो? ती रडली, पदरानं तोंड पुसलं, पुन्हा लावला. आपल्याच मायेनं आपण त्याचं वाईट केलं, हे तिच्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा फोन आला. मुलीनं तोंड उघडायच्या आत कुंताबाई बोलत सुटली. "पोरी, ते नऊ नाई वं, ते सारेच होते. एक मी ठेवला होता, तो परत यावा म्हणून. तेवढं लिहून घे. त्याले इकडं पाठव."

मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, मागचे गुण आता बदलता येत नाहीत. कालच्या सेवेला किती देता?"

अजयलाही घरदार असेलच. त्याचं कशाला वाकडं करा?

"दहा," कुंताबाई म्हणाली. "घे बाई, सारेच घे. आता मले कोणाले परत बोलवाचं नाई."