वाजतगाजत आलेली फजिती

फजिती कुणाची होत नाही हो? पण स्वतःची फजिती वाजतगाजत स्वतःच्याच दारापर्यंत आणणारा मी एकटाच!

तेव्हा बँकेतल्या बदलीमुळे आम्ही नुकतेच चेन्नईला, तांबरमला राहायला आलो होतो. पावसानं दोन वर्षं तोंड दाखवलं नव्हतं. नळाला दिवसाआड तासभर पाणी, बाकी सगळा भरवसा टँकरवर. आणि माझं तमिळ? 'तण्णी' म्हणजे पाणी, संपलं!

एका सकाळी कोपऱ्यावर पाहतो तर तीस-चाळीस बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या. टँकर आला असणार! बादली उचलली, धावलो. पुढे इडलीवाल्या सेल्वी अक्का. त्या काहीतरी लांबलचक ओरडायच्या आणि बाकीच्या म्हणायच्या, "ओळिग! ओळिग!"

वा, काय शिस्त! एवढ्या टंचाईत म्हणतायत, 'ओळीत या, ओळीत या!' मला भरूनच आलं. मीही बादली बडवत ओरडलो, "ओळिग!"

अक्का खूश. "सार, मुन्नाडि वांगो!" म्हणत त्यांनी मला पार पुढे नेलं.

बघता बघता सगळे चालू लागले. वळले ते आमच्याच गल्लीत. म्हटलं, नशीब बघा, पाणी घरपोच! मी आवाज आणखी चढवला.

आणि मोर्चा थांबला तो थेट आमच्या दारात.

शेजारचे तंजावरी काका फाटकात उभे होते. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी. कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, ओळिग म्हणजे मुर्दाबाद! नळाला मोटर लावून गल्लीचं पाणी ओढणारा चोर मुर्दाबाद! मोटरचा आवाज या घरातून येतो एवढंच त्यांना ठाऊक, इथे राहतं कोण ते नाही!"

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मोटरला बंदी होती. पण नळाला करंगळीएवढी धार! गेल्याच आठवड्यात मी एक गुपचूप बसवली होती. छोटीशीच हो!

तेवढ्यात दार उघडून बायको म्हणाली, "अहो, मिळालं का पाणी? इथे मोटर लावूनही टाकी भरेना!"

मराठीत बोलली, म्हणून वाचलोही असतो. पण 'मोटर' हा शब्द साऱ्या भारताला कळतो!

अक्कांनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "यार् पोट्टदु?" कुणी बसवली?

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी कानात तीन शब्द सांगितले. मी डोळे मिटून म्हणून टाकले, "मोटार पोट्टदु नान्‌दान!"

मोटर लावणारा मीच.

आधी एक घागर हसली, मग चाळीस. अक्कांनी मात्र सगळ्यांसमोर माझ्याच हातानं मोटर सोडवून घेतली.

आयुष्यात पहिल्यांदा अखंड, शुद्ध तमिळ वाक्य बोललो, आणि तेही गुन्ह्याची कबुली!