दादाची आंघोळ

माझा मोठा भाऊ आधी बरा झाला, मग गेला.

आज पाच वर्षं झाली. दरवर्षी मी त्याचा फोटो टाकतो, खाली दोन ओळी लिहितो, आणि तुम्ही हात जोडता. यंदा पूर्ण लिहितो.

हिरामण दादा. नवागाममध्ये राहायचा, बावीस वर्षं लूम चालवला. त्याच्या पगारावर मी बीकॉम झालो, बँकेत लागलो आणि पर्वत पाटिया भागात फ्लॅट घेऊन शहाणा झालो.

लूमच्या खडखडाटात त्याचे कान गेले होते. त्यामुळे तो बोलायचा ते ओरडूनच. त्याचा फोन आला की मी मोबाईल कानापासून वीतभर लांब धरायचो. बायको स्वयंपाकघरातून उत्तर द्यायची.

दुसऱ्या लाटेत दादाला ताप आला. रिपोर्ट पॉझिटिव्ह. आम्ही सगळे तेव्हा इम्युनिटी वाढवण्याचे मेसेज इकडून तिकडे ढकलत होतो. वहिनी काढा उकळत होती.

पाचव्या दिवशी ताप उतरला. सहावा दिवस बरा गेला. सातवाही.

आमच्याकडे रीत आहे. ताप गेला की माणसाला डोक्यावरून न्हाऊ घालायचं. ती आंघोळ झाली म्हणजे दुखणं संपलं.

आठव्या दिवशी सकाळी मी फोन केला.

"दादा, कसं वाटतंय?"

"बरं शे."

थोडं थांबून, "ताप... नही."

पुन्हा थांबून, "तुनी वहिनी... पानी तापाडी... ऱ्हायनी."

आवाज अगदी हळू. मी बायकोला म्हणालो, "बघ, दादा आज माणसासारखा बोलतोय. आराम पडला वाटतं."

मला बरं वाटलं. खरंच वाटलं. मी ऑफिसच्या कामाला लागलो.

वहिनीने कडुनिंबाचा पाला टाकून पाणी तापवलं, दादाला खुर्चीवर बसवून न्हाऊ घातलं. संध्याकाळी त्याचे ओठ निळे पडले. शेजाऱ्याच्या रिक्षातून दवाखान्यात नेलं. बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि नर्स पळतच डॉक्टरांकडे गेली.

चार दिवसांनी तो गेला.

गल्लीने निकाल त्याच दिवशी लावून टाकला. "कच्च्या तापात न्हाऊ घातलं. थंडी छातीत गेली."

वहिनीने तो मान्य केला. कुणी विचारलं नाही तरी सांगायची, "मीच त्यासना डोकावर पानी टाकं."

मला खरं माहीत होतं. चारही दिवस डॉक्टरांशी मीच बोलत होतो. ते म्हणाले होते, "वायरस तो कम हो चुका है. अब इनकी अपनी बॉडी रुक नहीं रही."

मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं. विषाणू आला की शरीर त्याच्याशी लढायला उठतं. काम झालं की त्याने थांबायला हवं. काहींचं थांबत नाही. साधारण आठवड्याने, ताप गेल्यासारखा वाटत असतानाच, ते आपल्याच फुप्फुसांवर तुटून पडतं. सूज येते, पाणी भरतं. धागा तुटल्यावरही लूम थांबला नाही तर चांगलं कापडही खराब होतं, हे दादाला एका वाक्यात समजलं असतं.

मी विचारलं, "नहाने से हुआ क्या?"

"नहीं भाई. नहाने से ऐसा नहीं होता."

मग त्यांनी विचारलं, "उस दिन दो-दो शब्द में बोल रहे थे? साँस टूट रही थी?"

मी म्हणालो, "ध्यान नहीं दिया."

खोटं बोललो. लक्ष दिलं होतं. मला ते आवडलंसुद्धा होतं.

सकाळीच नेलं असतं तर वाचला असता का? हे मी डॉक्टरांना विचारलंच नाही. आणि आंघोळीने काही झालं नाही, हे वहिनीला सांगायचं तर मग कशाने झालं, हेही सांगावं लागलं असतं. म्हणून गप्प राहिलो. पाच वर्षं. बँकेतला माणूस, घरातला शिकलेला माणूस.

गेल्या महिन्यात पुतणीला ताप आला. साधा फ्लू, चार दिवसांत गेला. पण वहिनी तिला डोक्यावरून पाणी घेऊ देईना. पंधरा दिवस. पोरीने फोन केला, "काका, मारा वाळ जुओ, केस बघितलेस तर कळेल. आईला सांग ना काहीतरी. मी कॉलेजला अशी कशी जाऊ?"

मी हसलो. फोन ठेवला, आणि हसू टिकलं नाही.

त्याच रविवारी नवागामला गेलो. वहिनी ज्वारीचं पीठ चाळत होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते. सकाळच्या फोनचं. मला आवाज हळू वाटला, आणि मी खूश झालो, तेही.

ती चाळत राहिली. मग चाळणी बाजूला ठेवली.

"माले बी बरं वाटनं व्हतं, भाऊ. म्हनलं, आज वरडत नहीत."

तिने पिठाचे हात पदराला पुसले.

मग म्हणाली, "न्हाया ना, मंग मन्हाकडे पाहीसन हसनात. बोलनात, 'बरं वाटनं.' हाई मी आजलोंग कोनले सांगं नही. कोन्या तोंडे सांगू?"

आणि पाच वर्षांत पहिल्यांदा ती दादासाठी रडली. त्याआधी रडायची ती स्वतःला दोष देत.

तुमच्यासाठी एवढंच. ताप उतरला म्हणून निश्चिंत होऊ नका. बोलताना दम तुटतोय का, ते ऐका. तुटत असेल तर लगेच दवाखान्यात न्या.

दादा, तुझ्या बायकोने तुला छान न्हाऊ घातलं होतं. हे जगाला सांगायला मला पाच वर्षं लागली.

माफ कर. मनापासून श्रद्धांजली.