अण्णांनी पाहिलेला सिनेमा

रेल्वेच्या खासगीकरणावर सिनेमा आला, तेव्हा मी अण्णांना हट्टानं नाशिकरोडच्या थेटरात नेलं. अण्णा, म्हणजे माझे वडील हिरामण, बारा वर्षं ठेकेदाराच्या टोळीत रुळांखाली खडी ठोकतात. ठेकेदार तीनदा बदलले आणि प्रत्येकाच्या कागदावर अण्णा पुन्हा नवीन कामगार झाले. सोडा ते काम, असं कितीदा सांगितलं, तर म्हणतात, "पन्नाशीत मला कोण घेतंय? गावी हरसूलला जाऊन काय करू?"

पडद्यावरचा घाम खरा होता, मुकादमाच्या शिव्याही खऱ्या. पण अण्णा दर दोन मिनिटांनी वळून मागच्या दाराकडे बघत होते. लोक हसायला लागले, तशी मी चिडले.

"अण्णा, सिनेमा पुढे आहे! मागे काय बघताय?"

"सवय हाय गं," ते ओशाळून म्हणाले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मग? खरं दाखवलंय का?"

"लय खरं. फकस्त ते वाकून खडी ठोकतात, तवा एक जण शिट्टी घेऊन गाडी येती का बघत उभा असतो ना, तेवढं खोटं. आमच्यातला तो माणूस ठेकेदारानं कवाच कमी केला."