पेन्सिलीखालचा चेहरा

मावशीने आयुष्यभर लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग घालवले. साबणाने नव्हे, पेन्सिलीने. बाजारातल्या फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत, खिडकीला लागून तिचं उतरतं मेज होतं. त्यात बसवलेली दुधी काच, खाली उजेड वर फेकणारा आरसा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने मुरुमं, सुरकुत्या, कांजिण्यांचे वण भरून काढायचे. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल फिरे, तिथे छापलेला फोटो उजळ येई. याला त्या धंद्यात टचिंग म्हणत. मी लहान असतानाच आई गेली आणि मावशीने मला वाढवलं, त्यामुळे शाळा सुटली की मी त्याच खोलीत जाऊन बसायची. टर्पेंटाइनचा वास आला की अजूनही मला गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं.

पुढे मोबाइल आले, प्रत्येकाच्या खिशात एकेक मावशी आली आणि स्टुडिओला टाळं लागलं. मावशी घरी बसली. म्हणजे कसली बसते, माझ्या डोक्यावर बसली. कांदा असा का चिरलास, पडदा तिरका का लावलास! मग फोटोग्राफी शिकवणाऱ्या एका संस्थेने विचारलं, जुनं टचिंग मुलांना शिकवाल का? त्याच दिवशी ती चष्म्याचा नंबर तपासून आली. हात थरथरायला लागायच्या आत हे कुणाच्या तरी हाती द्यायचं, एवढाच तिला ध्यास होता. संस्थेची अट एकच: कामाचे नमुने वेबसाइटवर टाका आणि लिंक पाठवा.

वेबसाइट करणं हे माझं पोटापाण्याचं काम. मी एक स्टॅटिक साइट जनरेटर उतरवून घेतला आणि तिला समजावलं, की मजकूर साध्या फायलींत लिहायचा, फोटो एका फोल्डरमध्ये ठेवायचे, एक हुकूम सोडायचा, की सगळी पानं एकदम तयार होतात.

"म्हणजे निगेटिव्ह एकदा नीट करायची, मग प्रिंट हव्या तेवढ्या," ती म्हणाली.

मला इतकं सोपं करून आजवर ऑफिसात कुणाला सांगता आलं नव्हतं.

पान उघडलं तर मधोमध एक अनोळखी माणूस हसत होता. तयार साच्यात नमुन्यादाखल असा कुणीतरी असतोच.

"हा बाबा कोण?"

"कुणी नाही गं, काढायचाय त्याला."

"काढच. डोळ्यांखाली कुणीतरी घाईघाईत हात मारलाय."

इथवर मजेत चाललं होतं. मग मी दोन चौकटी आखल्या, 'आधी' आणि 'नंतर', आणि घोडं अडलं.

"नंतरचे पाहिजे तेवढे देते. आधीचा एकही मिळणार नाही," मावशी म्हणाली.

"अगं, पण तूच सांगायचीस ना, टर्पेंटाइनने पुसलं की खालचा मूळ चेहरा येतो?"

"येतो. म्हणून काय पुसायचा? लोकांनी विश्वासाने तोंडं माझ्या हवाली केली. आता त्यांचे वण चारचौघांत मांडू?"

"मग काय, रिकाम्या चौकटी पाठवू?"

"पाठव!"

मी लॅपटॉप धाडकन मिटला. जेवताना मिठाची बरणीसुद्धा आम्ही एकमेकींकडे न बघता सरकवली.

सकाळी चहाच्या कपाशेजारी बटरपेपरात गुंडाळलेली एक निगेटिव्ह होती. आईची. बैठकीत आईचा जो फोटो लावलाय, तोच. गुळगुळीत गालांचा, शांत.

"तो दुखण्यात काढलेला आहे," मावशी म्हणाली. "'पोरीला मी अशी आठवायला नको, नीट कर,' म्हणाली होती. मी जीव ओतला त्यात. माझं सगळ्यात चांगलं काम तेच. तिला आता विचारता येत नाही. पण तू तिची मुलगी आहेस. तू हो म्हणालीस तर अर्धा चेहरा पुसते."

मी होकारार्थी मान हलवली. तिने कापसाचा बोळा भिजवला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत एक बाजू हळूहळू साफ केली. मी निगेटिव्ह स्कॅन केली आणि पडद्यावर काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं करून तिचा फोटो केला. डाव्या बाजूला डोळ्याखाली काळं वर्तुळ होतं, गालावर वण, ओठाशेजारी हसून हसून पडलेली घडी. उजवी बाजू रोजचीच.

"ही बाजू तुझी आई," मावशी म्हणाली. "ती बाजू माझं काम."

पान त्याच दिवशी चढवलं, लिंक पाठवली. आठवड्याभरात संस्थेचं उत्तर आलं, पुढच्या महिन्यापासून या. मावशीने ते पत्र मला मोठ्याने वाचायला लावलं, मग शेजारणीसमोर पुन्हा एकदा. तिचा आनंद ओसरेपर्यंत मी थांबले आणि मग मनातलं बोलले.

"मावशी, उरलेली बाजूपण पुसशील?"

तिने नवा बोळा टर्पेंटाइनमध्ये भिजवला. मग तो माझ्या हातात दिला. "माझ्याने व्हायचं नाही. तूच पुस."

मी कपाळापासून सुरुवात केली. ओठांपाशी आले तेव्हा तिने माझं मनगट धरलं.

"हळू. तिथे तीळ आहे तिचा. हात चालत होता, त्या भरात मी तोही घालवला. लक्षात आलं तोवर फोटो छापून झाला होता. तू कधीतरी विचारशील, आईचा तीळ कुठे गेला म्हणून. इतकी वर्षं मी त्याचीच धास्ती घेतली होती."

मी काय विचारणार होते? मला आई त्या फोटोतलीच आठवत होती.