बेडकाची चहाची टपरी

इकडं या पोरांनो, जवळ बसा. तो मोबाईल ठेवा आधी खाली. इतक्या महिन्यांनी येता आणि उंबऱ्यातूनच निघायची भाषा करता, शोभतं का हे?

“हरलं तर हरलं, अक्का. पुन्हा पयल्यापून.” असं म्हणून अंगठ्यानं हवेतच बटण दाबायचा, तो आमच्या शेजारचा टीव्ही दुरुस्त करणारा आठवतो ना? मुरुमच्या बाजारात त्याचं दुकान होतं.

हैदराबादच्या भंगारातून त्यानं एक जुना जपानी व्हिडिओ गेम आणला होता, टीव्हीला जोडायचा डबा. सोबत पोतंभर कॅसेटी, अक्षरं सगळी जपानी. मारामारीच्या कॅसेटी गल्लीतल्या पोरांनी फुंकून फुंकून झिजवल्या. ह्याचा जीव मात्र कुणी हात न लावलेल्या कॅसेटींवर. एकीत मुळा व्हायचं आणि उपटायला येणाऱ्या म्हातारीपासून पळायचं.

“ह्यात जिंकतं कोण रे?” मी विचारलं.

“बहुतेक म्हातारीच, अक्का. मुळ्याचे पाय लई बारके.”

त्याच्या लेकीला बेडकाची कॅसेट आवडायची. बेडूक चहाची टपरी चालवतो. गिऱ्हाइकाला चहा द्यायचा, बाकडी पुसायची, बस्स. पोरीनं दोन वर्षांत त्या टपरीचं हॉटेल केलं. पडदे लावले, बापासाठी म्हणून कोपऱ्यात एक खुर्ची ठेवली. बारावीत असताना तापानं गेली ती. मग बाप रोज टीव्ही लावायचा, बेडकाला त्या खुर्चीत बसवायचा आणि बघत राहायचा.

कॅसेटीत बटणाएवढा सेल असतो, खेळ त्याच्यावर टिकतो. तो सेल संपत आला होता. डबा बंद झाला की लेकीचं हॉटेल पुसलं जाणार. नवा सेल चालू डब्यातच जोडायचा, आणि पोरगी गेल्यापासून ह्याचे हात थरथरायचे. म्हणून त्यानं डबा बंदच केला नाही. लाईटचा भरवसा नाही, तर इन्व्हर्टर आणून त्याला जोडला.

हाताच्या इलाजाला तो सोलापूरला गेला. किल्ली माझ्याकडं दिली.

“झाडलं न्हाय तरी चालंल, अक्का. तेवढा डब्याचा लाल दिवा इझू देऊ नका.”

“व्हय बाबा, कळतं मला.”

कळत होतंच हो. तिसऱ्या दिवशी भर दुपारी विजा कडाडल्या. आपल्याकडं वीज कडाडली की बाई काय करते? घरभर फिरून पिना काढते. मी माझ्या घरातल्या काढल्या, धावत त्याच्या घरात गेले, तिथल्याही काढल्या. दिवा विझलेला दिसला तेव्हा पिन माझ्या हातात होती.

तो आल्यावर मी सांगितलं. त्यानं पिन लावली. पडद्यावर एक बाकडं, एक किटली आणि बेडूक.

“तुमची काय चूक. म्या असतो तर म्या बी काढली असती,” म्हणाला. पुन्हा पयल्यापून, असं नाही म्हणाला. अंगठाही हलला नाही.

पुढं दुकान उघडेना. थंडीत एका सकाळी घराचंही दार उघडलं नाही.

त्याचं तेरावं झाल्यावर त्याच्या भावानं तो डबा माझ्याकडं आणून ठेवला. “नवा सेल घातलाय म्हणला व्हता त्यो. म्हणला, अक्कांना सांग, आता पिन काढली तरी चालंल.”

कॅसेटीच्या फटीतून बघितलं मी. जोड सगळा वाकडातिकडा, थरथरत्या हाताचा.

आता मी लावते संध्याकाळी. बोटं वळत नाहीत, बाकडं अजून एकच आहे. कोपऱ्यात खुर्ची कशी ठेवायची ते जपानीत लिहिलंय. पोरीला माहीत होतं. तुम्ही लवकर या परत. तुम्हाला तरी ती खुर्ची सापडते का बघा.